विश्लेषण : चूक प्रतिस्पर्ध्याची, तरी डाव आपण का गमावतो? जलद बुद्धिबळातील नियमांचे वाद

शाळेच्या सभागृहात किंवा मंगल कार्यालयात रविवारी होणाऱ्या एकदिवसीय बुद्धिबळ स्पर्धा आता केडगावसारख्या उपनगरातही नवलाच्या राहिलेल्या नाहीत. (हे केडगाव नगर-पुणे रस्त्यावरचे, अहिल्यानगर महापालिकेच्या हद्दीतले, दौंडजवळचे नव्हे.) ज्या जिल्ह्याने शार्दुल गागरेसारखा ग्रँडमास्टर दिला, तिथे पालकांनी मुलांना पटापुढे बसवावे हे साहजिकच. मात्र या स्पर्धांत सर्वाधिक अश्रू पराभवामुळे नव्हे, तर ‘त्याने हात लावला होता’, ‘तिने शह पाहिलाच नाही’, ‘घड्याळ आधी दाबले’ अशा तक्रारींमुळे गळतात. विश्वविजेता मॅग्नस कार्लसनपासून नागपूरच्या दिव्या देशमुखपर्यंत अनेकांना ज्यांना तोंड द्यावे लागले, त्या वादांमागचे नियम नेमके काय सांगतात?

जलद आणि अतिजलद यांतली रेषा कुठे?

जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या म्हणजे ‘फिडे’च्या नियमांत यासाठी सोपे गणित आहे. प्रत्येक खेळाडूला मिळणारी मूळ मिनिटे घ्यायची आणि त्यात प्रत्येक चालीमागे वाढणारे सेकंद ६० चालींसाठी मिळवायचे. बेरीज १० मिनिटांपेक्षा जास्त आणि ६० मिनिटांपेक्षा कमी असेल तर तो जलद डाव; १० किंवा त्याहून कमी असेल तर अतिजलद. म्हणजे १५ मिनिटे आणि दर चालीला ५ सेकंद असतील तर बेरीज २० मिनिटे, डाव जलद. १० मिनिटे आणि ५ सेकंद असतील तरीही जलदच. पण नुसती १० मिनिटे, वाढीव सेकंद नाहीत, असा डाव मात्र अतिजलद ठरतो. पत्रकावर ‘रॅपिड’ छापलेले असले तरी.

हा फरक नुसत्या नावाचा नाही. गुणांकन वेगळे होते आणि दंडही बदलतो. बेकायदा चालीबद्दल जलद डावात प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे वाढवून मिळतात, अतिजलद डावात एकच मिनिट.

बेकायदा चाल झाली, पुढे काय?

सर्वाधिक भांडणे इथे होतात आणि सर्वाधिक गैरसमजही इथेच आहेत. राजाला शह असताना दुसरीच चाल करणे, बांधलेली सोंगटी हलवून स्वत:चा राजा उघडा टाकणे, प्यादे शेवटच्या घरात नेऊन वजीर न ठेवताच घड्याळ दाबणे, चाल न करताच घड्याळ दाबणे, कॅसलिंग करताना दोन्ही हात वापरणे, हे सगळे बेकायदा चालीच्या सदरात मोडते. पण चाल पूर्ण होते ती घड्याळ दाबल्यावर. तोपर्यंत चूक लक्षात आली तर दंड नाही. फक्त हात लावलेल्या सोंगटीनेच दुसरी कायदेशीर चाल करावी लागते, ती शक्य असेल तर.

घड्याळ दाबल्यावर गोष्ट बदलते. पहिल्या बेकायदा चालीला वेळेचा दंड, दुसऱ्या बेकायदा चालीला डाव गमावणे. (समोरच्याकडे मात करण्याइतके बळच उरले नसेल तर बरोबरी.) अनेक मुले आजही घरी शिकल्याप्रमाणे शहात राहिलेला राजा उचलून ‘जिंकलो’ म्हणतात. फिडेच्या नियमांत राजा मारणे अशी चालच नाही. योग्य रीत म्हणजे स्वत:ची चाल न करता घड्याळ थांबवणे, हात वर करणे आणि पंचांना बोलावणे.

इथेच ती मेख आहे, जी बहुतेक पालकांना ठाऊक नसते. एका पंचाकडे जास्तीत जास्त तीन पट असतील आणि प्रत्येक डावाची नोंद पंच किंवा यंत्र करीत असेल, तर जलद डावालाही पारंपरिक डावाचे नियम लागू होतात. चूक उशिरा लक्षात आली तरी मागे जाता येते. एका पंचाच्या वाट्याला वीस-पंचवीस पट येणाऱ्या स्थानिक स्पर्धेत हे शक्यच नसते. तिथे परिशिष्टातला दुसरा नियम चालतो : बेकायदा चाल पंचाने पाहिली नाही, प्रतिस्पर्ध्याने दाद मागितली नाही आणि त्याने स्वत:ची पुढची चाल केली, तर ती बेकायदा चाल पटावर कायम राहते. दोन्ही खेळाडूंनी आपसात ठरवून दुरुस्ती केली तरच ती बदलते. स्पर्धेत यांपैकी कोणता नियम चालणार हे स्पर्धेच्या नियमावलीत नमूद असले पाहिजे. स्थानिक स्पर्धेच्या पत्रकात बक्षिसांची यादी ठळक असते. ही ओळ शोधावी लागते.

नियम निष्ठुर वाटतो, पण त्याची परीक्षा सर्वोच्च पातळीवर झाली आहे. डिसेंबर २०१७ मध्ये रियाध येथे जागतिक अतिजलद स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत कार्लसनने रशियाच्या एर्नेस्तो इनार्किएव्हला शह दिला. इनार्किएव्हने तो शह न सोडवता घोड्याने उलट शह दिला. ही चाल उघडउघड बेकायदा होती. कार्लसनने घाईत तिकडे दुर्लक्ष करून आपला राजा हलवला. त्याबरोबर इनार्किएव्हने घड्याळ थांबवून, कार्लसनचीच चाल बेकायदा असल्याचा दावा केला! जवळच्या पंचाने आधी तो मान्यही केला. मुख्य पंचांनी मात्र वेगळा विचार केला. इनार्किएव्हची बेकायदा चाल कार्लसनने पुढची चाल केल्यामुळे पटावर कायम झाली होती आणि त्या स्थितीत कार्लसनने शहातून राजा काढणे पूर्ण कायदेशीर होते. म्हणून डाव पुढे खेळा, असा निर्णय झाला. इनार्किएव्हने खेळण्यास नकार दिला आणि डाव गमावला. त्याचे अपीलही फेटाळले गेले.

स्वत:च्या चुकीवर दुसऱ्याला पकडण्याचा हा प्रयत्न बुद्धिबळविश्वाला रुचला नाही. त्यात कार्लसनची चूक होती का? होती. शह दिल्यावर समोरच्याने तो सोडवला का, हे पाहणे त्याचे काम होते. पण चूक आणि लबाडी यांत अंतर आहे, आणि पंचाला बऱ्याचदा ते अंतर काही सेकंदांत ओळखावे लागते.

‘हात लावला’ हे सिद्ध कसे होणार?

हात लावलेली सोंगटी हलवलीच पाहिजे, हा नियम गल्लीतल्या पोरांनाही पाठ असतो. सोंगटी नुसती नीट ठेवायची असेल तर आधी तसे सांगायचे, आणि तेही स्वत:ची पाळी असतानाच. हात लावून झाल्यावर ‘ॲडजस्ट’ म्हणण्याला अर्थ नाही. कॅसलिंग करताना हत्तीला आधी हात लावला तर त्या चालीत त्या बाजूला कॅसलिंग करता येत नाही. राजाला आधी हात लावायचा.

कमी परिचित भाग असा की, या तक्रारीलाही मुदत आहे. प्रतिस्पर्ध्याने नियम मोडल्यानंतर तुम्ही चाल करण्याच्या हेतूने स्वत:च्या सोंगटीला हात लावला, की तुमचा दाद मागण्याचा हक्क संपतो.

१९९४ मध्ये स्पेनमधील लिनारेस येथे हेच घडले. गॅरी कास्पारोव्हने १७ वर्षांच्या ज्युडिट पोल्गरविरुद्ध घोडा एका घरात ठेवला, बोटे सोडली आणि लगेच उचलून दुसऱ्या घरात नेला. बोटे सुटली होती ती सेकंदाच्या सुमारे चौथ्या भागापुरती. हे नंतर चित्रफितीतून दिसले. पोल्गरने त्या वेळी आक्षेप घेतला नाही. जगज्जेत्यासमोर बसलेल्या मुलीला ते किती अवघड गेले असेल, हे कुठल्याही कोपऱ्यातल्या पटावर मोठ्या मुलासमोर बसलेल्या लहानग्याला कळेल. डाव कास्पारोव्हने जिंकला. पुढे २००२ मध्ये मॉस्कोत, जलद डावातच, पोल्गरने त्याला हरवले.

उलट उदाहरण २०१६ च्या मॉस्कोतील आव्हानवीरांच्या स्पर्धेतले. डाव पारंपरिक होता, पण वाद अगदी शाळकरी. हिकारू नाकामुराने राजाला हात लावला, चाल चुकीची असल्याचे जाणवताच ‘नीट ठेवतोय’ अशा अर्थाचा फ्रेंच शब्द उच्चारला. समोरच्या लेव्हॉन अरोनियनने ते मान्य केले नाही, पंच आले, राजाच हलवावा लागला आणि नाकामुरा हरला. अरोनियनने खिलाडूवृत्ती सोडली का? अजिबात नाही. नियम लावून घेणे म्हणजे खुनशीपणा, ही आपल्याकडची समजूत मुलांचे नुकसान करते.

स्थानिक स्पर्धेत चित्रफीत नसते. दोन मुले, दोन परस्परविरोधी कथा आणि शेजारच्या पटावर आपापल्या डावात गढलेले दोघे. पुरावा नसेल तर पंच सहसा डाव पुढे चालू ठेवायला सांगतात. मुलाला हा अन्याय वाटतो, पंचापुढे मात्र दुसरा मार्ग नसतो.

उलटा हत्ती म्हणजे वजीर?

आपल्याकडे हा समज पक्का आहे. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले, वजीर हाताशी नाही, तर हत्ती उलटा ठेवायचा आणि ‘वजीर’ म्हणायचे. फिडेच्या स्पर्धेत उलटा हत्ती हा हत्तीच असतो.

२०१७ च्या कॅनडा राष्ट्रीय स्पर्धेत विजेतेपद ठरवणाऱ्या अतिजलद डावात निकोलाय नोरित्सिनचे प्यादे शेवटच्या घरात पोहोचले. त्याला वजीर सापडेना, कारण मारला गेलेला वजीर प्रतिस्पर्धी बातोर साम्बुएव्हच्या हातात होता. नोरित्सिनने हत्ती उलटा ठेवला. पंच मध्ये पडले, हा हत्ती आहे असे सांगितले. डाव पुढे चालला, नोरित्सिन हरला आणि त्याबरोबर विजेतेपदही गेले. अपील टिकले नाही. नियमानुसार पंच बरोबर होते. पण मारलेल्या सोंगट्या मुठीत धरून बसण्याची सवय किती खेळाडूंना असते! प्रतिस्पर्ध्याचे प्यादे धावत सुटलेले असताना त्याचा वजीर आपल्या हातात राहणे, हे नकळत झाले तरी शोभणारे नव्हते.

यावरचा उपाय नियमातच आहे : हवी ती सोंगटी मिळत नसेल तर घड्याळ थांबवून पंचाकडे मागायची. घड्याळ थांबवणे हा गुन्हा नाही, हे मुलांना आधीच सांगितलेले बरे.

घड्याळाची भांडणे

ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ. घड्याळावर बोट ठेवून बसायचे नाही, ठोसा मारायचा नाही. सोंगट्या पडल्या तर त्या पाडणाऱ्याने स्वत:च्या वेळेत उचलून जागेवर ठेवायच्या. पटावर पसारा करून घड्याळ दाबले तर पंच दंड करू शकतात. मात केल्यावर घड्याळ दाबायचे राहिले आणि वेळ संपली तर? मात झाली त्या क्षणी डाव संपला; चाल कायदेशीर असेल तर घड्याळाला किंमत नाही. शेवटची ही गोष्ट माहीत नसल्याने जिंकलेला डाव सोडून देणारी मुले असतात.

वेळ संपली म्हणजे हार, पण समोरच्याकडे मात करण्याची शक्यता असेल तरच. ही ‘शक्यता’ किती ताणायची? ३० डिसेंबर २०१९ रोजी मॉस्कोतील जागतिक अतिजलद स्पर्धेत १६ वर्षांचा अलीरेझा फिरूझा कार्लसनविरुद्ध उंट आणि प्याद्यांसह वरचढ होता. कार्लसनकडे एकटा उंट. घाईत फिरूझाच्या सोंगट्या पडल्या, त्या सावरताना त्याची वेळ संपली. एकट्या उंटाने मात होत नाही, हे खरे. पण फिरूझाची स्वत:चीच प्यादी आणि उंट त्याच्या राजाची वाट अडवतील अशी, कितीही हास्यास्पद असली तरी, कायदेशीर चालींची मालिका शक्य होती. नियम तेवढेच विचारतो. डाव कार्लसनला मिळाला. आपले लक्ष विचलित झाल्याचेही फिरूझाने अपिलात म्हटले होते. ते फेटाळले गेले.

वाढीव सेकंद असले की असे प्रसंग कमी होतात. २००८ च्या अमेरिकी महिला अजिंक्यपद स्पर्धेत विजेतेपदाचा शेवटचा डाव वाढीव सेकंदांविना खेळवला गेला. अखेरीस ॲना झातोन्स्किह आणि इरिना क्रश बुद्धिबळ खेळत नव्हत्या, नुसते हात चालवत होत्या. झातोन्स्किह एका सेकंदाच्या फरकाने जिंकली आणि क्रशने रागाने पटावरचा राजा उडवून दिला. तरीही जुनी घड्याळे आणि लांबणाऱ्या फेऱ्या यांमुळे काही संयोजक आजही वाढीव सेकंद टाळतात. हा काटकसरीचा प्रकार पंचांनाच महाग पडतो. अशा वेळी नियमावलीत एक सोय आहे : दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला खेळाडू आपल्या पाळीला दोघांसाठी पाच-पाच वाढीव सेकंदांची मागणी करू शकतो. पण ही सोय लागू असल्याचे आधी जाहीर केलेले असावे लागते.

दिव्या, विदित आणि तुटलेले इंटरनेट

नियम आणि खिलाडूवृत्ती यांची सर्वांत अवघड गाठ महाराष्ट्रातील दोन खेळाडूंच्या वाट्याला आली. करोनाकाळात, २०२० मध्ये, ऑलिम्पियाड ऑनलाइन आणि जलद पद्धतीने झाले. भारताचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी. मुलींच्या पटावर नागपूरची १४ वर्षांची दिव्या देशमुख.

उपान्त्यपूर्व लढतीत आर्मेनियाच्या हाइक मार्तिरोस्यानचा निहाल सरिनविरुद्धच्या डावात संपर्क तुटला आणि वेळ संपली. जोडणीची जबाबदारी खेळाडूची, असा नियम होता. आर्मेनियाचे अपील फेटाळले गेले, त्यांनी दुसरी फेरी खेळण्यास नकार दिला आणि भारत पुढे गेला.

३० ऑगस्टला रशियाविरुद्ध अंतिम लढत. पहिली फेरी ३-३ अशी बरोबरीत. दुसऱ्या फेरीत निहाल आणि दिव्या यांचाच संपर्क तुटला. दोघेही वेळेअभावी हरले. आधी रशियाला विजेते मानले गेले. भारताने अपील केले. त्या दिवशी जगभर इंटरनेट सेवेत बिघाड झाल्याचे समोर आले. अपील समितीचे एकमत झाले नाही आणि फिडेचे अध्यक्ष अर्काडी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले.

भारतात जल्लोष झाला, तो योग्यच. पण आर्मेनियाच्या खेळाडूंना त्या संध्याकाळी काय वाटले असेल, हा प्रश्न तेव्हा आपल्याकडे फारसा विचारला गेला नाही. दोन घटनांत फरक होता : एकीकडे एकाच पटावरचा बिघाड, दुसरीकडे अनेक देशांना बसलेला फटका. तरी नियमाचे शब्द दोन्हीकडे सारखेच होते. त्याच वर्षी एका ऑनलाइन जलद स्पर्धेत चीनच्या डिंग लिरेनचा संपर्क तुटून तो डाव हरला, तेव्हा कार्लसनने पुढच्या डावात चौथ्याच चालीला वजीर देऊन टाकला आणि डाव सोडला. कोणत्याही नियमाने त्याला तसे करायला सांगितले नव्हते.

दिव्याच्या पुढच्या प्रवासाने मात्र पंच आणि साधने पुरेशी असली की जलद बुद्धिबळ किती स्वच्छ होऊ शकते, हेही दाखवले. २८ जुलै २०२५ रोजी बटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत पारंपरिक डाव बरोबरीत सुटल्यावर निकाल जलद डावांनी लागला. दिव्याने कोनेरू हम्पीला १.५-०.५ असे नमवले, विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर किताबही मिळवला. चर्चा झाली ती चालींची. कुणी हात लावला, कुणी घड्याळ दाबले याची नव्हे.

मैत्रीचा अतिरेकही चालत नाही

प्रतिस्पर्ध्याशी गोड वागणे म्हणजे ठरवून बरोबरी नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये समरकंद येथील जागतिक अतिजलद स्पर्धेत इयान नेपोम्नियाश्ची आणि दानिल दुबोव या मित्रांनी नुसते घोडे नाचवत डाव बरोबरीत सोडवला. पंचांनी दोघांनाही शून्य गुण दिले आणि अपिलातही तो निर्णय टिकला. स्थानिक स्पर्धांत एकाच अकादमीतील दोन मुले शेवटच्या फेरीत समोरासमोर आली की पाच-सहा चालींत हस्तांदोलन होते, बक्षिसे वाटली जातात आणि तिसऱ्याच मुलाचा क्रमांक जातो. याला कुणी भांडण म्हणत नाही, कारण ज्याचे नुकसान झाले तो त्या पटावर बसलेलाच नसतो.

पालकांनी काय करायचे?

बहुतांश वेळा, काहीच नाही. प्रेक्षकाला गैरप्रकार दिसला तर त्याने तो फक्त पंचाला सांगावा, असे नियम म्हणतो. ‘अगं, त्याची वेळ संपली बघ’ असे दोरीबाहेरून ओरडणे हा हस्तक्षेप आहे आणि त्यासाठी प्रेक्षकाला सभागृहाबाहेर काढता येते. तक्रार मुलाने स्वत:, घड्याळ थांबवून, डाव चालू असताना करायची असते. निकालपत्रकावर सही झाल्यावर, हस्तांदोलन झाल्यावर, घरी जाताना रिक्षात सुचलेल्या तक्रारीला पंचाकडे फारसा उपाय उरत नाही. पंचाचा निर्णय मान्य नसेल तर अपील समिती असते. अपिलाची मुदत आणि भरायची अनामत रक्कम स्पर्धेच्या पत्रकात पाहावी. समितीतली नावे पहिल्या फेरीआधी जाहीर झाली आहेत का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.